पांघरूण कोणी ओढलं

धाकटीच्या मनात देवाने हाक मारली, ही बातमी ताईला चर्चमधल्या चौघांनी चार वेळा सांगितली. चौघांचे चेहरे असे, जणू बक्षीस ताईलाच लागलंय. ताई चारही वेळा गोड हसली. पाचव्यांदा कुणी सांगितलं असतं, तर तिचे दात तुटले असते, इतके ती ते आवळत होती.

कारण हिशोब साधा होता. सहाव्या वर्षापासून आजपर्यंत, म्हणजे अकरा वर्षं, ताईने एक रविवार चुकवला नव्हता. एकदा तर अंगात ताप घेऊन गेली आणि पुढच्या बाकावरच्या तिघांना तो देऊन आली. धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी तोंडपाठ. आणि धाकटी? मागच्या बाकावर वेणीचं टोक चावत बसायची. महिन्यापूर्वी शेवटचं गीत चालू असताना ती एकाएकी ढसाढसा रडली आणि बाहेर आली ती देवावर विश्वास ठेवणारी होऊनच. फुकटात.

त्या चर्चमध्ये एक रीत होती. पहिल्यांदा प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीतली भाकर घ्यायला, बसण्याआधी चर्चच्या वडीलमंडळींसमोर एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं: तू देवाला निवडलंस, की देवाने तुला? गंमत अशी, की मंडळींचंच यावर एकमत नव्हतं. चर्चचे पाळकसाहेब कॅल्विन या धर्मसुधारकाचे पक्के अनुयायी. कृपा आली की माणसाला नाही म्हणताच येत नाही, हे त्यांचं मत. मंडळींतले बेकरीवाले काका म्हणायचे, दारावर थाप देवाची, पण कडी आपणच काढायची. दोघं वर्षानुवर्षं भांडत होते आणि भांडण संपेल म्हणून दोघांनाही धास्ती होती.

शनिवारी दुपारी गायकांचे झगे टांगलेल्या खोलीत दोघी बहिणी मंडळींसमोर एका बाकावर बसल्या. उद्याच्या भोजनाला बसायला मिळणार की नाही, ते आज ठरायचं होतं. ताईला बसायचं होतंच. आणि खरं सांगायचं तर धाकटीला थांबवलं असतं, तरी ताईला चाललं असतं.

"मी निवडलं," ताई म्हणाली आणि अकरा वर्षांची यादी वाचली. तापासकट.

बेकरीवाले काका खुलले. "ऐका पाळकसाहेब."

"ऐकतोय. मग बाळ, एवढं सगळं तूच केलंस, तर कृपेला काय काम उरलं?"

ताईने मनातल्या मनात पानं उलटली. प्रश्नोत्तरीत हा प्रश्न नव्हता.

पाळकसाहेब धाकटीकडे वळले. "आणि तू? तुला नाही म्हणता आलं असतं?"

"म्हणायचेच की. दर रविवारी," धाकटी म्हणाली. "पण ताई पांघरूण ओढायची. घट्ट धरलं तर गादीसकट ओढायची. तिच्यापुढे कुणाचं चाललंय? तशीच यायला लागले, आणि मग एक दिवस... झालं."

सगळे हसले.

"बघा," पाळकसाहेब म्हणाले, "टाळता आली नाही ती कृपा. देवाने ताईचा हात वापरला."

"हात ताईचा, पण पाय हिचे ना? चालत कोण आलं?" बेकरीवाले काका म्हणाले.

आता सगळे ताईकडे कौतुकाने बघत होते. महिनाभर तिला हेच हवं होतं. गप्प बसली असती, तर उद्याची जागा पक्की होती. पण हिशोब चुकत होता.

"मी हिला देवाकडे आणलं नाही," ती म्हणाली. "मला उठावं लागायचं आणि ही लोळायची, ते मला बघवायचं नाही. बस, एवढंच."

बेकरीवाले काका पुटपुटले, "म्हणजे हेवा हिचा स्वतःचा, स्वेच्छेने." "आणि त्यातूनही काम कुणी करून घेतलं?" पाळकसाहेब म्हणाले, आणि झालं. दोघं असे जुंपले, की मुली समोर आहेत हेच विसरले. धाकटीने ताईला कोपराने ढोसलं. "मला वाटायचं, तुला मी सोबत हवी असते."

"नाही," ताई म्हणाली. मग तिला परत ढोसत, "थोडीशी."

पाळकसाहेबांना एकदाचं भान आलं. "अजून हेवा वाटतो हिचा?"

"हो."

"आत्ता, या क्षणी?"

"आत्ता जास्त. मी अकरा वर्षं घासली, आणि ही एका गाण्यात पार."

"मग उद्या हिच्याबरोबर बसशील?"

"बसेन. पण हिच्या आधी."

पाळकसाहेबांनी वहीत दोन्ही नावं लिहिली, ताईचं वर. "आधी बसलीस, तर भाकरीचं ताट आधी तुझ्याकडे येणार. पुढे हिला तुलाच द्यावं लागेल. स्वतःच्या हाताने."

ताईने वहीतली दोन्ही नावं पुन्हा वाचली. धाकटी वेणीचं टोक चावत वाट बघत होती.

"देईन," ताई शेवटी म्हणाली. "घ्यायचं की नाही, ते हिचं हिने ठरवावं."

"घेणारच," धाकटी म्हणाली. "नाही घेतलं तर कोंबशील तोंडात."