सॉलिड पाणी

आम्रपालीनं पुन्हा बाणाची कळ दाबली. पडद्यावरची ठिपक्यांची चिमुकली मुलगी चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरली आणि शेवटच्या पायरीवर जागच्या जागी पाय हलवत राहिली.

"अडकली बघ," आम्रपाली म्हणाली.

"अडकली नाय गो, पाणी सॉलिड हाय." रितेशनं मोबाइलमधून डोकंही काढलं नाही. "रेडीमेड टाइल्स घेतल्यात ना आपण? भिंत, झाड, पाणी, सगळं आधीपासून बंदच येतं."

दोघांनी मिळून महाडचा गेम बनवायचा, एवढंच काय ते जमलं होतं. बाकी सकाळपासून भांडण. पोलादपूरच्या रितेशनं उतरवून घेतलेलं फुकटचं टूल झटपट होतं. तयार टाइल्स, म्हणजे चित्रांचे चौकोन, उचला, ठेवा, की गाव उभं. आम्रपालीचं टूलही फुकटच, पण त्यात एकेक ठिपका हातानं भरायचा, एकेक हालचाल वेगळी काढायची. संध्याकाळी कॉलेजच्या प्रदर्शनात गेम लावायचा होता. वेळ कमी म्हणून शेवटी तिनंही मान डोलावली होती, आणि आता तिला स्वतःचाच संताप येत होता.

"पाणी बंद?" तिनं विचारलं.

"सगळ्याच गेममधी असतं."

"या तळ्याचं?"

रितेशनं मान वर केली. "मी नाय केलं. ते आधीपासूनच तसं हाय."

"हेच म्हणायचे सगळे! मी नाही केलं, आधीपासूनच तसं आहे!" आम्रपालीचा आवाज चढला. "याच पाण्यासाठी माझ्या पणजोबांचं डोकं फोडलं, रितेश. आणि माझ्याच गेममध्ये ही पोर पायरीवर ताटकळत उभी?"

रितेशचे कान लाल झाले. "काढतो ना 'सॉलिड'वरची टिक! वरडतेस कशाला?"

त्यानं माउस ओढून घेतला. टिक गेली. मुलगी पायरीवरून निघाली ती डांबरी रस्त्यानं जावं तशी थेट पाण्यावरून चालत पलीकडे पोचली.

"झालं समाधान?"

"पाणी तुडवायला नाही आली ती. प्यायला आलीये."

"वाकायची हालचाल ह्या टूलात निघत नाय. तुझ्यात काढायची, मग सगळं परत जुळवायचं. एका ओंजळीसाठी?"

"एका ओंजळीसाठीच."

खाली एसटी स्टँडवर कुठल्याशा गाडीची घोषणा झाली. रितेश तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला. मग त्यानं आपलं टूल बंद केलं आणि तिचं उघडलं. चार ठिपके भरले, पुसले. पुन्हा भरले.

"कशी काढायची गो? माझी नुसती मूठच होतेय."

आम्रपालीचा राग उतरला नव्हता. दोन्ही हात जुळवून तिनं ओंजळ त्याच्यासमोर धरली. मग झटक्यानं ती त्याच्या आणखी जवळ नेली.

रितेश कधी ओंजळीकडे, कधी पडद्याकडे बघत ठिपके भरू लागला.

"हात हलवू नको," तो म्हणाला. "सांडंल."