सरांनी फिरवलेला हात

वरच्या वर्गांना चित्रकला शिकवणाऱ्या सरांना मुलं पाठीमागे ‘फूटपट्टी’ म्हणत, आणि सरांना ते ठाऊक होतं. त्यात त्यांना काही वावगं वाटत नसे. चित्रकलेला कोणी विचारत नाही अशा शाळेत निदान मोजमापामुळे तरी विषयाला वजन येतं, असं त्यांचं मत होतं. प्रमाणबद्धतेला दहा गुण, पूर्णतेला पाच, टापटिपीला पाच. प्रतिभेसाठी रकाना नव्हता, कारण तिच्यावरून पालक भांडायला येतात.

वार्षिक प्रदर्शनाआधी सर प्रत्येक चित्रावर शेवटचा हात फिरवत. कलती भिंत उभी करत, काटकुळी मान जरा भरत. पाहुणे म्हणत, एकाच वर्गात इतकी गुणी मुलं! चित्रं सगळी सख्ख्या भावंडांसारखी दिसत, पण त्याबद्दल कोणी कधी तक्रार केली नव्हती.

यंदाचा विषय होता घरातली एक व्यक्ती, समोर बसवून. मागच्या बाकावरच्या अबोल मुलीने वडिलांचं चित्र दिलं, तेही मुदतीच्या आत. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. चित्र खरंच बरं होतं. कपाळ, चष्मा, दाढी वाढलेली हनुवटी, सगळं जागच्या जागी. फक्त तोंड तेवढं डावीकडे घसरलेलं. एवढ्याशाने चांगल्या पोरीचे गुण जाऊ नयेत, म्हणून सरांनी खोडलं, मधली रेघ आखली आणि ओठ सरळ बसवले. मग वीसपैकी वीस दिले. इतके ते कोणालाच देत नसत.

प्रदर्शन उरकल्यावर ती आली. तिचे वडील गेल्याचं तोवर शिक्षकांच्या खोलीत कळलं होतं. सरांनी मनाशी घोळवून ठेवलेलं सांत्वनाचं वाक्य म्हणून टाकलं आणि चित्र पुढे केलं, गुण दिसतील असं धरून.

तिने चित्रातल्या तोंडावर बोट टेकवलं.

“सर, तोंड कुणी केलं?”

जरा घसरलं होतं, सर म्हणाले, तेवढं नीट केलं.

“ते घसरलेलंच होतं. अर्धांगाचा झटका आल्यापासून.” एखादी शंका विचारावी तशी ती शांतपणे बोलत होती. “त्याआधी बाबा कधी समोर बसलेच नाहीत, सर. त्यांना वेळच नसायचा.”

सरांनी खोडरबर काढला. तू सांग, मी पुन्हा करतो, म्हणाले. ती सांगू लागली. अजून खाली. एवढं नाही. जरा अलीकडे. खोडून खोडून कागदाला लव सुटली, आणि मग ती मध्येच थांबली. कसं होतं ते आता तिलाही नेमकं दिसेना. घरातले फोटो सगळे आधीचे, सरळ तोंडाचे.

“राहू दे, सर. तुम्ही केलं होतं तसंच करा. आईला तेच आवडेल. ती म्हणतच होती, तोंड सरळ काढ म्हणून. मीच ऐकलं नाही.”

सरांनी ओठ पुन्हा सरळ बसवले. तसले ओठ त्यांना डोळे मिटूनही जमले असते.

तिने कोपऱ्यातलं आपलं नाव खोडलं, कण फुंकले आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला.

“इथे तुमचं नाव घाला.”

अगं, चित्र तुझं आहे, सर म्हणाले. ती घरी जायची घाई नसल्यासारखी नुसती उभी राहिली. शेवटी सरांनी नाव घातलं, जमेल तितक्या बारीक अक्षरात.