वीरगळावरचा ऑइलपेंट

आपल्या सीमाभागात इतिहासाचा अभिमान घरोघरी असतो, वाचायचा कंटाळाही घरोघरी असतो. अनगोळचा निशांत अशाच अभिमानी मंडळींपैकी. बेळगावच्या कॉलेजात बी.ए.ला होता. कॉलेजनं पॉडकास्ट सुरू केला, निशांत त्याचा निवेदक झाला, आणि दोन-चार भाग झाले नाहीत तोच आपण इतिहासकार झालो असं त्याला वाटू लागलं. ग्रंथालयाची पायरी त्यानं कधी चढली नव्हती. रेकॉर्डिंगआधी केस मात्र न चुकता सेट व्हायचे.

एका भागाला निपाणीकडचे निवृत्त शिक्षक हरिभाऊ आले. लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे दगड, म्हणजे वीरगळ, वाचण्यात त्यांचा जन्म गेलेला. स्वतःच्या गावच्या वीरगळाबद्दल ते म्हणाले, "हा वीर आमचा. त्याची पूजा करणारं घर मराठी बोलतं. पण दगडावरची अक्षरं जुन्या कन्नडात हायेत. हितं दोन्ही भाषा कवाच परक्या न्हवत्या."

निशांतनं एडिटिंग करणाऱ्या भैरवीला फक्त पहिलं वाक्य ठेवायला सांगितलं.

"आणि पुढचं?" भैरवीनं विचारलं.

"पुढचं कोण ऐकतंय? लोकांना 'आमचा' एवढंच पाहिजे असतं."

मागे ढोल लावून रील टाकली. ज्यांनी जन्मात वीरगळ पाहिला नव्हता, त्यांनी ती छाती फुगवून गावभर फिरवली. खाली दोन्ही भाषांत शिव्या सुरू झाल्या. दोन्हीकडचं ज्ञान सारखंच होतं, शून्य.

मग हरिभाऊंचा फोन आला. "गावात ये. तुझा पराक्रम बघून जा."

निशांतला वाटलं, सत्कार असणार. तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला.

वीरगळावर ऑइलपेंटचा जाड थर होता. 'आमच्या' वीराच्या दगडावर कन्नड अक्षरं नकोत म्हणून गावातल्या पोरांनी ती बुजवली होती. रील बघून त्यांना स्फुरण चढलं होतं.

"मी रंग नाही लावला, सर," निशांत पुटपुटला.

"व्हय, पोरांनी लावला. त्यास्नी ती अक्षरं वाचायला कुणी शिकवलं न्हाय. तुला मी समोर बसवून सांगितलं हुतं. ठाऊक असून तू कापलंस. तुझ्यापरास ती अडाणी बरी."

तेवढ्यात वीराची पूजा करणाऱ्या घरातल्या जयाबाई फुलं घेऊन आल्या. त्यांनी दगडावरून हात फिरवला. बोटांना काहीच लागेना.

"माझी सासू ह्या अक्षरांवरनं बोट फिरवून मग फुलं वाहायची," त्या म्हणाल्या. "आता कुठं फिरवू रं, लेकरा?"

निशांतची मान खाली गेली. रीलखाली शिव्या देणाऱ्या अडाण्यांपेक्षा त्याला स्वतःचीच जास्त किळस आली.

त्यानं मुलाखत पूर्ण प्रसिद्ध केली. कोणती वाक्यं कापली आणि कशासाठी, तेही सुरुवातीला स्वतःच्या आवाजात सांगितलं. कालचे चाहते त्याला गद्दार म्हणाले. त्या शिव्यांत निशांतला आपलीच जुनी अक्कल ओळखू आली. पुढच्या भागाआधी तो हरिभाऊंकडे जुनी लिपी शिकायला बसला.

जाणकारांनी रंग काढला. काही ओळी परत दिसू लागल्या, काही गेल्या त्या कायमच्याच.

नागरिकहो, आपल्या सोयीचा तुकडा कापून मिरवणारे आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत. त्यांना टाळ्या देणारे आपणच आहोत. ज्याला पूर्वजांचं पूर्ण वाक्य ऐकवत नाही, त्यानं त्यांच्या नावानं छाती फुगवू नये.