पार्किंगमधली बिडी

गाडी दोन महिन्यांपासून मिसिंग करत होती. सिग्नलला थरथरायची, चढावर आचके द्यायची. गॅरेजवाला म्हणाला, इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर साफ करायला हवेत, आणि माझ्यातला कोथरूडकर जागा झाला. घरी होण्यासारखं काम दुसऱ्याला कशाला द्यायचं? तीन व्हिडिओ पाहिले, क्लीनरचा कॅन मागवला आणि रविवारी सकाळी सर्जापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या बेसमेंटमध्ये बॉनेट उघडलं.

पेट्रोलच्या नळीत दाब असतो, तो आधी उतरवायचा असतो. व्हिडिओतला तेवढाच भाग मी पळवला होता. नळी सैल केली आणि पेट्रोल उडून जमिनीवर पसरलं. फडक्याने पुसल्यासारखं केलं. मग इंजेक्टर काढून त्याला क्लीनरची नळी जोडली, खाली बाटली ठेवली. आता दोन वायरी बॅटरीला टेकवायच्या, की इंजेक्टर टिकटिक करत उघडतो आणि आतला मळ बाहेर पडतो. बायको, संध्या, मोबाइलवर शूटिंग करत होती. त्यामुळे मी जरा जास्तच ऐटीत होतो.

तेवढ्यात आमचे वॉचमन, साठीचे नरसिंहराव, धावत आले. "सार, बिडी! बिडी!" ओरडत त्यांनी दोन बोटं जुळवून माझ्यापुढे उघडमीट केली. मी वायर तशीच धरून बघत राहिलो, तर त्यांनी माझ्या मनगटावर फटका मारून ती पाडली.

मी भडकलो. सांडलेल्या पेट्रोलपाशी हा माणूस बिडी मागतो, वर हात उगारतो! आधी हिंदीत झापलं. मग संध्याकडे वळून, त्यांना कळणार नाही म्हणून, मराठीत बोललो, "ह्या लोकांना अक्कलच नसते गं. जन्मभर गेटच उघडायचं ह्यांनी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि गेले.

मी सगळं आवरलं आणि तिथूनच सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, 'सिक्युरिटी बेसमेंटमध्ये पेट्रोलजवळ बिडी ओढतो.' 'मागतो'चं 'ओढतो' कसं झालं ते कळलं नाही, असं मी म्हणणार नाही. कळलं होतं. 'ओढतो' जास्त जोरदार वाटलं. संध्याकाळपर्यंत चाळीस अंगठे आले आणि सोमवारी गेटवर दुसरा माणूस होता.

गुरुवारी मी मुलीला, सुखदाला, सायकल शिकवत होतो. मी मागून सीट धरून पळत होतो, ती किंचाळत होती, "बाबा, बिडी! बिडी!"

"काय म्हणालीस?"

"बिडी म्हणजे सोडा! कन्नडमध्ये. शाळेत सगळे तेच म्हणतात. सोड ना सीट!"

मी सोडली. ती पुढे निघून गेली, पहिल्यांदाच एकटी, आणि मी टाळ्याही वाजवल्या नाहीत. त्यांची ती दोन बोटं डोळ्यांपुढे आली. वायर सोडा, असं ते दाखवत होते. बॅटरीला वायर टेकली असती तर ठिणगी उडाली असती, खाली पेट्रोल होतं आणि तीन हातांवर संध्या उभी होती.

नव्या वॉचमनकडून पत्ता घेऊन शनिवारी के. आर. पुरमला गेलो. वाटेत माफीचं हिंदी जुळवत होतो. दार नरसिंहरावांनीच उघडलं. मी "अंकल, वो..." म्हणेपर्यंत ते म्हणाले, "या, बसा. कॉफी घेता स्वल्प?"

मराठी! माझ्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं.

"तुम्ही... मराठी?"

"मराठीच की हो आमी. चार पिढ्या झाल्या इथं. पण घाईत तोंडातनं कन्नडच येतं. त्या दिवशी 'सोडा' म्हटलो असतो तर बरं झालं असतं."

म्हणजे गेट उघडण्याबद्दलचा तो शब्द न् शब्द त्यांना कळला होता. मला तिथून पळून जावंसं वाटलं. भिंतीवर एक फोटो होता. त्यात निळ्या कोटातले तरुण नरसिंहराव एका टेस्टिंग मशीनपाशी उभे होते. माझी नजर तिकडे गेलेली पाहून ते म्हणाले, "बोम्मसंद्र्याला अठ्ठावीस वर्षं इंजेक्टरच तपासलो. कंपनी बंद पडली." मग काळजीने विचारलं, "तुमचा बसवलात का परत? रबराची रिंग नवी घाला हं. जुनी गळते."

मी फोन काढला. त्यांच्यासमोरच ग्रुपवर लिहिलं, 'नरसिंहरावांबद्दल मी खोटं लिहिलं. ते बिडी ओढत नव्हते. मला आणि माझ्या बायकोला जळण्यापासून वाचवत होते.' पाठवलं. ह्या वेळी पाच अंगठे आले. सेक्रेटरीने लिहिलं, एजन्सीने नवा माणूस कायम केलाय, आता बदल होणार नाही.

ते मला त्यांना वाचून दाखवावं लागलं. ते "सरी", म्हणजे ठीक आहे, एवढंच म्हणाले आणि कॉफीचा पेला माझ्याकडे सरकवला.

निघताना मला राहवेना. मी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि चुकलो, चुकलो म्हणत राहिलो. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी माझ्या मनगटावर हलकेच थोपटलं, फटका मारला होता तिथेच.

"होगली, बिडी," ते म्हणाले. जाऊ द्या, सोडा.

आता अर्थ कळत होता, तरी मला तो हात सोडवेना.