ताईंच्या नावावरच्या अठ्ठावीस जोडण्या

"ताई, थांबा! गेटबाहेर पाऊल टाकू नका!"

रक्तपेढीच्या जिन्यावरून तीन-तीन पायऱ्या गाळत वादळ खाली येत होतं. वादळ म्हणजे संगणक विभागातली तिशीची मुलगी. बोलणं, चालणं, टायपिंग, सगळंच सुसाट, म्हणून ताईंनीच तिला हे नाव ठेवलेलं. ताईंच्या एका हातात निरोपसमारंभात मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ होतं, सेल न घातलेलं, आणि दुसऱ्या हातात रिकामा डबा. ओळखपत्र दीड वाजता जमा झालं होतं. सत्तावीस वर्षांची नोकरी संपून जेमतेम चाळीस मिनिटं झाली होती.

"चारचा तक्ता येत नाहीये. सगळं लाल! अठ्ठावीसच्या अठ्ठावीस रुग्णालयं लाल!"

ताईंच्या चेहऱ्यावर काळजी उमटली, उमटायलाच हवी होती. पण त्याआधी आनंदच झाला, हेही कबूल करायला हवं. सकाळपासून भाषणं ऐकून त्या पार मलूल झाल्या होत्या. आता पाय आपोआप जिन्याकडे वळले.

"ताई, कार्ड नाही ना," गेटवरचा पहारेकरी ओशाळून म्हणाला. "पाहुण्यांच्या वहीत लिहावं लागेल."

"मी? पाहुणी?"

"नियम तुम्हीच शिकवलात मला."

"शिकवला, आणि आता भोगते," म्हणत ताईंनी वही ओढली. आत येण्याची वेळ, दोन वाजून दहा मिनिटं. कामाच्या रकान्यात त्यांनी 'जोडणी' असं लिहिलं आणि पाहुण्यांचा पास गळ्यात अडकवला.

चारचा तक्ता म्हणजे रक्तपेढीचा प्राण. कुठल्या रुग्णालयाला आज किती प्लेटलेट्स हव्यात हे तो सांगायचा, आणि त्याप्रमाणे पिशव्या भरून चार वाजता व्हॅन निघायच्या. प्लेटलेट्स पाच दिवस टिकतात. खालच्या खोलीत यंत्रावर संथ हलत असलेल्या पिशव्यांपैकी चाळीसांचा आज पाचवा दिवस होता. त्या आज लागल्या नाहीत, तर उद्या फेकायच्या. फोन करून मागणी विचारायची तर अठ्ठावीस ठिकाणी उत्तरं मिळेपर्यंत अंधार पडला असता.

वर संगणक विभागाचे साहेब क्लाउड कंपनीच्या मदतकेंद्राशी बोलत होते. मदतकेंद्राने तिसऱ्यांदा 'बंद करून चालू करा' असं सांगितलं होतं. वादळाने तेवढ्यात तीन पासवर्ड बदलले होते आणि नेटवर्कवाल्यांशी भांडण काढलं होतं.

"सगळ्यांनी हात वर घ्या," ताई म्हणाल्या. "कळफलकावरून. वर."

साहेबांनीसुद्धा घेतले.

"आता सांग. आपली विनंती दारापर्यंत पोचत नाहीये, की पोचतेय आणि दारातून हाकलतायत?"

"म्हणजे?"

"पोचत नसेल तर ताटकळत राहते, मग 'वेळ संपली' येतं. तो नेटवर्कचा दोष. हाकलत असतील तर लगेच नकार येतो. काय येतंय?"

"लगेच. परवानगी नाकारली."

"मग नेटवर्कवाल्या बिचाऱ्यांना कशाला झोडलंस? लाल मजकूर वाच. शेवटपर्यंत."

"वाचला ताई, बारा ओळी आहेत, सगळं तेच तेच..."

"शेवटपर्यंत."

वादळ भराभर वाचत सुटलं. दहावी ओळ, अकरावी ओळ. बाराव्या ओळीवर ते थांबलं. त्याला असं थांबलेलं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. तिथे लिहिलं होतं, 'वापरकर्ता निष्क्रिय', आणि पुढे ताईंचं संपूर्ण नाव, आडनावासकट.

मग ताई खो खो हसत सुटल्या. खुर्चीत बसावं लागलं इतक्या.

"अहो, माझंच भूत की हे!"

गोष्ट सात वर्षांपूर्वीची. सगळ्या नोंदी क्लाउडवर गेल्या तेव्हा रुग्णालयांकडची माहिती ओढायला एक कामाचं खातं हवं होतं, कुठल्याही माणसाच्या नावाचं नसलेलं. त्याच्या अर्जावर पाच सह्या लागत होत्या आणि व्हॅनला तर त्याच दिवशी निघायचं होतं. ताईंनी सगळ्या जोडण्या स्वतःच्या नावावर करून टाकल्या, 'तात्पुरत्या'. पाच सह्या व्हायला पाच वर्षं गेली. खातं तयार झालं, पण चालत्या गाड्याला खीळ कोण घालणार? ते तसंच पडून राहिलं. आज दीड वाजता ओळखपत्र जमा झालं, नियमाप्रमाणे ताईंचं खातं बंद झालं, आणि त्यांच्याबरोबर अठ्ठावीस जोडण्याही निवृत्त झाल्या.

"तुमचं खातं चालू करून घेतो!" साहेबांनी कार्मिक विभागाला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, बंद झालेलं खातं उद्या सकाळशिवाय उघडत नाही.

"बरंच झालं," ताई म्हणाल्या. "चूक माझी, निस्तरते मी. वादळ, बस. ते कामाचं खातं काढ. आधी त्याला वाचायची परवानगी द्यायची, मग माझं नाव काढून त्याचं नाव घालायचं. मी सांगते, तू मार."

ताईंचा मोबाइल वाजला. घरून.

"अगं, जेवायला थांबलोय. किती वाजता येतेस?"

"तुम्ही जेवून घ्या. निवृत्ती दोन तास पुढे गेलीय."

"आवाज फार खुशीत आहे तुझा."

"ठेवा आता!" ताई लाजून म्हणाल्या.

मग जो सपाटा सुरू झाला! ताई रुग्णालयांची नावं तोंडपाठ सांगत होत्या, वादळाची बोटं दिसेनाशी झाली होती. "माझं नाव काढ. कामाचं घाल. तपास." हिरवं. "पुढचं. माझं नाव काढ." हिरवं! साहेब शाळेतल्या पोरासारखे मोठ्याने आकडे मोजत होते. नवव्या की दहाव्या वेळी ताईंनी पाण्याचा ग्लास जवळ ओढला. वाईट वाटलंच त्यांना. आपल्याच तोंडाने आपलं नाव पुसायला सांगायचं, तेही घाईघाईने, ही काय गंमत झाली? पण खाली व्हॅनची दारं उघडल्याचा आवाज आला आणि त्यांनी पाणी पिऊन पुढचं नाव सांगितलं.

तीन पस्तीसला सत्तावीस हिरवी झाली. राहिलं एक, पठारावरचं रुग्णालय. त्याच्या नोंदींची किल्ली त्यांच्याच कारकुनाकडे होती आणि कालच्या तक्त्यानुसार सहा पिशव्यांची वाट बघणारे दोन रुग्ण तिथेच होते. वादळाने फोन लावला.

"अर्ज पाठवा," पलीकडून शांत आवाज आला. "दोन दिवसांत बघतो."

वादळ फुटायच्या आत ताईंनी फोन घेतला. "भाऊ, मी."

"ताई? अहो, सकाळीच निरोप घेतलात ना! परत कशा?"

"भूत झालेय. एक परवानगी द्या, मग सुटते."

अकरा वर्षं रोज फोनवर बोलणाऱ्या या दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. संगणकाने ताईंना ओळखायचं नाकारलं होतं, पण भाऊंना एक शब्द पुरला.

"देतो. पण खात्याचं नाव अक्षर अक्षर सांगा. अर्जही मागून पाठवायचा. तुमच्यासाठी नियम वेगळा नाही."

"नसावाच."

अक्षरं सांगून झाली. पलीकडे कळा वाजल्या.

"दिली. ताई, उद्यापासून काही लाल झालं तर?"

"या मुलीला फोन करा."

"ती फार जोरात बोलते हो."

"शिकेल," ताई म्हणाल्या. "सांभाळून राहा, भाऊ."

तीन एकोणपन्नासला अठ्ठाविसावं हिरवं झालं. तक्ता सर्रकन छापून आला. साहेबांनी टाळ्या पिटल्या, वादळाने ताईंना मिठी मारली आणि तक्ता घेऊन ते खाली उधळलं. धापा टाकत परत आलं तेव्हा ताई घड्याळ काखेत मारून उभ्या होत्या.

"ताई, एक जोडणी अजून तुमच्या नावावर आहे. पहिल्या दिवशीची, चाचणीची. कशालाच लागत नाही. राहू दे ना?"

पडद्यावर त्या एकाच ओळीत त्यांचं नाव होतं. ताईंनी ते एकदा वाचलं.

"काढ," त्या म्हणाल्या. "नाहीतर पुढे कुणीतरी दोन तास शोधत बसेल, ही बाई कोण म्हणून."

गेटवर त्यांनी वहीत बाहेर पडायची वेळ लिहिली, चार वाजून पाच. 'काम झाले का' या रकान्यात 'हो' लिहिलं आणि पास परत केला. मागून शेवटची व्हॅन आली, पठाराची.

"ताई, बसा, सोडतो घरी!" ड्रायव्हर ओरडला.

"माझं घर उलट्या दिशेला. तुम्ही निघा, पिशव्या वाट बघत नाहीत."

कार्डाचं छोटं दार ताईंसाठी उघडणार नव्हतं. व्हॅनसाठी वर गेलेल्या मोठ्या अडसराखालूनच त्या घड्याळ आणि डबा सांभाळत बाहेर पडल्या. व्हॅन वळून दिसेनाशी झाली, तरी पहारेकऱ्याने अडसर वरच धरून ठेवला होता. ताई रस्ता ओलांडून पलीकडे पोचल्या, तेव्हा कुठे त्याने तो हळूच खाली घेतला.