चिकटवलेली अठरा पानं

मी एक जुनी इंग्रजी कादंबरी बोलतेय. पाठीचं कापड विरलंय, कोपरे झिजलेत, पण जीभ अजून शाबूत आहे. माझी नायिका साधीसुधी शिक्षिका. घरच्यांनी ठरवलेल्या श्रीमंत नवऱ्याला ती नकार देते, एवढाच काय तो माझा गुन्हा.

पण त्यापायी काय काय भोगलं म्हणून सांगू! ज्या वाचनालयात मी आले, तिथल्या ग्रंथपालांचा एक नेम होता. पुस्तक बायकांच्या कपाटात जाण्याआधी ते स्वतः वाचायचे आणि 'न शोभणारी' पानं खळ लावून एकमेकांना चिकटवून टाकायचे. माझी अठरा पानं अशी बंद झाली. प्रेमाची कबुली गेली, भांडण गेलं, नकार तर समूळ गेला. उरलं काय, तर चहापान आणि हवापाण्याच्या गप्पा!

ग्रंथपालांची मुलगी तिथेच पुस्तकं द्यायची-घ्यायची. पुस्तकं शिवायला येणाऱ्या बाइंडरवर तिचा जीव जडला होता. वडिलांनी मात्र एका बिजवर वकिलाशी तिचं लग्न जवळजवळ पक्कं केलं होतं.

एकदा मला चाळत ती बाइंडरला म्हणाली, "सगळं सुरळीत चाललंय, मग ही बाई मध्येच रडते कशाला?"

तो हसला. "किटलीच्या वाफेवर धर. खळच ती, सुटेल."

सुटली की! भर दुपारी, वाचनालयाच्या वरच्या त्यांच्या घरी, स्वयंपाकघरात, एकेक पान. मग तिला चटकच लागली. कपाटातल्या प्रत्येक पुस्तकातली नेमकी तीच पानं तिने सोडवली आणि वाचली.

वकीलसाहेब होकार घ्यायला आले, तेव्हा मी तिच्या मांडीवर होते. तिने सरळ सांगितलं,

"मला तुमच्याशी लग्न करायचं नाही. ज्याच्याशी करायचंय, तो खाली पुस्तकं शिवतोय."

वकील आल्या पावली परत गेले. ग्रंथपाल लालबुंद. "ही थेरं शिकलीस कुठे?"

"तुमच्याकडेच, बाबा. एवढ्या जाड पुस्तकांतलं नेमकं काय वाचावं, मला कुठे कळत होतं? तुम्हीच खळ लावून दाखवलंत."

त्यांचा राग निघाला माझ्यावर, त्याच दिवशी मी रद्दीत गेले. तिथून त्या दोघांनी मला उचललं आणि नवी शिवण घातली. आता मी त्यांच्या खिडकीत असते. वाचनालयातल्या बायका मला आळीपाळीने घरी नेतात. वाफेने सुरकुतलेल्या पानांवर मी आपोआप उघडते.

तेव्हा कुणाला अजून चिकटवायची हौस असेल, तर खुशाल चिकटवा. किटल्या घरोघरी आहेत.