दुसऱ्या खेळाडूचं बटण

चार महिने झाले तरी दादाचा तुकडा काही हलेना. जुने व्हिडिओ गेम आतून उलगडणाऱ्या त्यांच्या ग्रुपमध्ये माणसं पाच आणि खेळ एक, तोही तीस वर्षांपूर्वीचा. दोन कंट्रोलर, दोन तलवारबाज, एक आडवा पडेपर्यंत मारामारी. कार्ट्रिजमध्ये नुसते आकडे असतात. ते वाचून त्यांच्यापासून पुन्हा प्रोग्रॅमच्या सूचना तयार करायच्या, प्रत्येक तुकड्याला नाव द्यायचं आणि तो काय करतो ते शेजारी सरळ भाषेत लिहायचं. बाकी चौघांचं काम कधीच संपलं होतं. राहिला होता तो कंट्रोलर वाचणारा तुकडा, आणि तो दादाने पहिल्याच दिवशी स्वतःहून मागून घेतला होता.

"दादा, झालं का?" धाकट्या बहिणीने त्याला नवव्यांदा फोन केला.

"होतंय गं. दुकानात गर्दी असते."

दुकान घड्याळदुरुस्तीचं. गर्दी म्हणजे दिवसाकाठी तीन घड्याळं, हे तिला पाठ होतं.

"मग मी घेते तो तुकडा."

"तू नको. घोळ घालशील, सांडलवंडे."

हे नाव तिला याच खेळाने चिकटवलं होतं. धाकटी म्हणून ती कायम दुसरी खेळाडू, आणि कायम हरणारी. बटण दाबावं तर कितीदा तरी तलवार जागची हलायची नाही. बाबा मागे बसून बघायचे आणि मान हलवायचे. घड्याळांचं वेड दोघाही भावंडांना होतं, पण बाबांनी दुकानातलं कामाचं टेबल दादाला दिलं. हिचे हात चालत नाहीत, बारीक काम हिला जमायचं नाही, असं म्हणाले. ती ग्रंथालयात लागली. तिथे तिचं बरं चाललं होतं, तरी कुणी घड्याळाचं झाकण उघडलं की तिचा पाय तिथून निघत नसे.

शनिवारी एकदाचा तुकडा आला. शेजारी दादाने लिहिलं होतं, 'नुसता वेळ काढतो. बाकी काही करत नाही.' चार महिने वेळ कोणी काढला ते दिसतच होतं. तिच्या डोक्यात तिडीक गेली. रविवारी सकाळी ती स्वतःच वाचायला बसली आणि पाऊण तासात तिला उलगडा झाला.

पहिल्या कंट्रोलरचं मधलं बटण दाबून ठेवलं असेल, तर दुसऱ्या खेळाडूचं दर दुसरं दाबणं मोजायचंच नाही. बनवणाऱ्यांनी चाचणीपुरतं घातलं असावं आणि काढायचं राहिलं असावं. तिने ते बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलं आणि दुसरा कंट्रोलर हातात घेतला. वीस वेळा दाबल्यावर तलवार दहा वेळा चालली. चिकटपट्टी काढली तेव्हा वीसच्या वीस. तिला राग आला, आणि रागाच्या आत कुठेतरी आनंदही झाला.

सोमवारी ती दुकानात गेली. बाबा गल्ल्यामागे पेपर वाचत होते. तिने कागद दादासमोर ठेवला.

"हे काही करत नाही?"

दादाने कपाळावरचं भिंग काढून खाली ठेवलं. "मी बारा वर्षांचा होतो. वर्गातल्या एकाने त्या बटणाचं सांगितलं, मग जिंकायची सवयच लागली. त्यावरून टेबलाचं ठरेल हे मला काय माहीत?"

"ठरल्यावर तर कळलं होतं ना?"

"कळलं होतं," तो म्हणाला. "तेव्हा गप्प बसलो. चुकलं माझं."

"मग हे बाबांना सांग. आत्ता, माझ्यासमोर."

दादाने अडखळत सगळं सांगितलं. ती बाबांकडे बघत राहिली. त्यांना धक्का बसावा, एवढंच तिला हवं होतं. टेबल आता नकोच होतं.

बाबांनी पेपरची घडी घातली. "मला माहीत होतं. याचं एक बोट सारखं त्या मधल्या बटणावर. जन्मभर हातांचं काम केलं, बोटं मला दिसणार नाहीत?"

"मग बोलला का नाहीत?"

"टेबल एकच होतं, आणि ते मुलाला द्यायचं आधीच ठरलं होतं. तू रोज माझ्या मागे लागायचीस. तुला काहीतरी कारण द्यायला नको?"

तिने कागद उचलून पर्समध्ये ठेवला.

"मुलगी आहेस म्हणून टेबल देणार नाही, असं सरळ सांगायचंत ना, बाबा. मी तुमच्याशी भांडले असते. तीस वर्षं झाली, सांडेल म्हणून मी अजून चहाचा कप दोन्ही हातांनी धरते."